उजवा कौल

"वयनी, रोज काय झाडतास तां माळ्यार? देवी येऊन बसतली की काय थंय?"

खालून सदूभाऊ परबांनी हाक दिली. मी हातातला झाडू थांबवला.

"सदूभाऊ, जरा वर येता?"

"काय म्हणालास?"

माझा आवाज मुळातच बारीक. सासूबाई म्हणायच्या, ही आरती म्हणते की देवाच्या कानात गुपित सांगते! जिन्याच्या तोंडाशी जाऊन पुन्हा बोलावलं, तेव्हा सदूभाऊ धापा टाकत वर आले. बाजारात त्यांचं किराणा दुकान. पोट सुटलेलं, आणि जिभेवर कायम एखादी चेष्टा तयार. पण आमच्या नाट्यन्यासाच्या चार विश्वस्तांत कुणाला रात्रीबेरात्री हाक मारावी तर ती सदूभाऊंना, असा त्यांचा लौकिक.

मी त्यांना फळ्यांवर पडलेलं पीठ दाखवलं. पिवळसर, बारीक, मेतकुटासारखं.

"काल दिवेलागणीला झाडून गेले होते. आज पुन्हा पडलंय."

"भुंगो लागलो असतलो. कोकणात खंयच्या लाकडाक भुंगो नाय?"

"ते भिंतीत गेलेलं तुळईचं टोक बघा. बोट लावून बघा."

त्यांनी बोट लावलं. लाडवात बोट जावं तसं ते आत गेलं. त्यांनी पटकन मागे घेतलं, धोतराला पुसलं, आणि मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे, हसून म्हणाले, "लाकूड बोटान नाय तपासतत वयनी, पायान तपासतत." आणि जागच्या जागी एक उडी मारली.

माळा करकरला नाही. ओली गादी दबावी तसा अख्खा खाली दबला आणि सावकाश वर आला. करकरला असता तर आम्ही दोघं कमी घाबरलो असतो.

सदूभाऊ भिंतीला तळवा टेकून, पाठमोरे, एकेक पायरी चाचपत खाली उतरले. खाली पोचल्यावर म्हणाले, "वकीलसायबांच्या कानार घाला. आणि माझा नाव नको."

आमचं नाट्यगृह सातेरीदेवीच्या देवळामागे होतं. चिऱ्याच्या भिंती, वर मातीच्या नळ्यांचं उतरतं छप्पर, पुढे रंगमंच, आणि मागच्या बाजूला, दाराच्या डोक्यावर, बायकांना बसायला लाकडी माळा. न्यासाचं काम एवढंच, की वर्षभर गावातल्या कुणाच्याही मुलाला फुकट गाणं शिकवायचं आणि चैत्राच्या उत्सवात देवीपुढे एक संगीत नाटक करायचं. नट गावचे, गाणारे गावचे, रंगवलेले पडदे गावचे. नाटक भर दुपारी. जुन्या लोकांनी गॅसबत्त्यांच्या भीतीनं तसं ठरवलं होतं, ते वीज आली तरी तसंच राहिलं.

आणखी एक रीत होती. माळा भरल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. उत्सवात देवी देवळात नसते, माळ्यावर बायकांत येऊन बसते, असं गाव मानायचं. ती कुठली हे कुणाला ओळखू येत नाही, म्हणून सगळ्या बसल्या पाहिजेत. माळा भरला की तिथल्या विश्वस्तानं छोटी घंटा वाजवायची, मग नांदी. आमचे हे गेल्यावर त्यांच्या जागी न्यासानं मला घेतलं, तेव्हापासून माळा झाडणं आणि ती घंटा वाजवणं माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. सोमवारचा उपास, पहाटेची तुळस, संध्याकाळचा एक अध्याय, तसंच ते.

बायका माळ्यावरून 'वन्स मोअर' ओरडत नसत. ते शोभलं नसतं. एखादं पद मनात उतरलं, की सगळ्याजणी तळव्यांनी माळ्याच्या फळ्या बडवत. पहिल्या रांगेतल्या फळ्या त्या थापांनी गुळगुळीत झाल्या होत्या. खाली पुरुषांच्या अंगावर काटा यायचा त्या आवाजानं.

संध्याकाळी रंगपटात आमची बैठक झाली. रंगपट म्हणजे मुखवटे आणि दाढ्या टांगलेली एक खोली. अध्यक्ष वालावलकर वकील एकट्या खुर्चीवर बसले होते. उंच, गोरे, आणि आवाज असा, की कोर्टात ते बोलायला उभे राहिले तर बाहेरचा चहावाला गप्प होतो म्हणत. आमचे तेंडोलकरमास्तर ऑर्गनची पट्टी पुसत होते. गाण्याच्या तालमी त्यांच्या. सदूभाऊ स्वतःच्या वहाणांकडे बघत होते.

मी काय पाहिलं ते सांगितलं.

"मोठ्यानं बोला, वहिनी."

मी पुन्हा सांगितलं. म्हटलं, "यंदा माळा बंद ठेवू या. बायकांना खाली बसवू."

"आणि पुरुषांना?"

"अंगणात."

"अंगणातून नाटक दिसतं का?" तेंडोलकरमास्तर म्हणाले. "आणि वहिनी, दोन वर्षं आपलं नाटक नाही. पहिल्या वर्षी वादळानं नळे नेले, दुसऱ्या वर्षी तापाची साथ. सलग तिसऱ्या वर्षी मोडलं तर देवीपुढच्या नाटकाचा मान नदीपलीकडच्या मंडळीकडे जातो. ते टपून बसलेत. माळा बंद केला असं कळलं, तर उद्याच येतील, रीत मोडली म्हणून."

"सुतार तरी बोलवा."

"सुतार मालवणात, कुणाच्या तरी होडीच्या कामावर. उत्सवाआधी येत नाही." वकीलसाहेब उठले आणि खिडकीशी गेले. "हे बघा, माळा बंद करणं म्हणजे देवीची जागा बंद करणं. ते आपण चौघांनी ठरवायचं? नाटकाचा कौल सोमवारी लावायचाच आहे. या वेळी माळ्यासकट विचारू." मग माझ्याकडे वळून, ओठांच्या कोपऱ्यात हसत, "तुम्हाला तरी देवीचा शब्द मान्य असेल ना, वहिनी?"

सदूभाऊ खाकरले. वकीलसाहेबांचा देवावर विश्वास नाही हे सगळं गाव जाणून होतं. देवळात येत, उंबऱ्याला हात लावत, पण ते अध्यक्ष म्हणून. कौलाला ते खासगीत 'पाकळ्यांचं कोर्ट' म्हणत. पण त्या कोर्टाचा निकाल लागला की गावात कुणी अपील करत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मान्य आहे," मी म्हटलं.

सोमवारी आम्ही देवळात जमलो. गुरवानं देवीच्या काळ्या पाषाणावर, उजव्या आणि डाव्या अंगाला, ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. प्रश्न अध्यक्षांनी मनातल्या मनात विचारायचा. तो ऐकायचा अधिकार फक्त देवीचा. काय विचारतात ते गावाला ठाऊकच असायचं, म्हणून कुणी कधी विचारलं नाही.

वकीलसाहेब वाकले. उंबऱ्यावर तळवा ठेवला. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं, "गे आई सातेरी..." आणि त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी गळली.

इतक्या लवकर मी कधी पाहिली नव्हती. कधीकधी घटका घटका जाते.

ढोल सुरू झाले. सदूभाऊंनी मास्तरांना मिठी मारली. लोक वकीलसाहेबांच्या पाया पडू लागले. ते उंबऱ्यावर हात ठेवून तसेच वाकलेले होते. कुणीतरी धरून उठवलं तेव्हा त्यांचा चेहरा उकडलेल्या भातासारखा झाला होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी या माणसाला देवी भेटली. मी हात जोडले. मनातून मात्र मला काही केल्या आनंद होईना. घरी येऊन देवापुढे बसले आणि पहिल्यांदाच माझं तिच्याशी भांडण झालं. म्हटलं, आई, ते पीठ तुला दिसलं नाही का गं?

नंतरच्या दिवसांत वकीलसाहेब दोनदा नाट्यगृहात आले. एकटे. माळ्याखाली उभे राहून काठीनं तुळईला ठोकत होते. मला बघून म्हणाले, "मजबूत आहे." मी काही विचारलं नव्हतं.

उत्सवाच्या दिवशी महाप्रसाद उरकताच बायका यायला लागल्या. नव्या लुगड्यांचा वास, केसांत अबोलीचे वळेसर, बगलेत चटया. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी.

"बायांनो, जरा थांबा. माळ्याचं लाकूड..."

"काय म्हणतत रेगेवयनी?"

"काय नाय गो, सावकाश चढा म्हणतत."

एकीला हाताला धरून सांगितलं, तर ती हसली. "कौल झालो मां, वयनी? मग भिऊचा कित्याक? आणि तुमीच असा म्हणतास? तुमी?" मी उपासतापास करणारी बाई, माझ्याच तोंडी हे शोभत नव्हतं. त्या चढत राहिल्या. त्यांच्यात वकीलसाहेबांची सून रेवतीही होती. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, आणि तिला सातवा महिना. सुजलेले पाय टाकत, कठड्याला धरून ती वर गेली आणि पुढच्या रांगेत बसली.

माळा भरला. सगळे माझ्या घंटेची वाट बघत होते. मी घंटा पदराखाली धरली आणि खाली पुढच्या रांगेशी गेले. तिथे विश्वस्तांच्या खुर्च्या मांडलेल्या असत.

"काय झालं, वहिनी? वाजवा की," वकीलसाहेब म्हणाले.

"वाजवते. पण एक मागणं आहे. देवीनं उजवा दिलाय ना?"

"तुम्ही होतात की तिथे."

"मग विश्वस्तांच्या खुर्च्या माळ्याखाली मांडा. आपण सगळे तिथे बसू. तोवर मी घंटा वाजवायची नाही."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. पण या वेळी त्यांनी 'मोठ्यानं बोला' म्हटलं नाही. सदूभाऊ आधी माळ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "वयनी, माका जरा प्रसादाच्या टोपांकडे बघूक होया..." आणि खरंच उठून गेले. मास्तर तर आधीच ऑर्गनवर जाऊन बसले होते.

मला वाटत होतं, आता वकीलसाहेब चिडतील, आणि चिडून का होईना, माळा रिकामा करायला सांगतील. मी तेवढ्यासाठीच तो डाव टाकला होता. गंगेत उडी मारतो म्हणणाऱ्याला 'मार' म्हटलं की तो काठावरूनच परततो.

त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली. लोकांमधून वाट काढत मागे गेले आणि ती माळ्याच्या बरोबर खाली ठेवून बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. मग माझ्याकडे बघितलं.

शब्द दिला होता. मी घंटा वाजवली. दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. अजून काय करणार होते?

नांदी झाली. नाटक सावित्रीचं होतं, गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. पहिला अंक लग्नाचा, थट्टामस्करीचा. लोक हसत होते. वर बायका हसल्या की माझ्या डोक्यावरचं लाकूड श्वास घेतल्यासारखं व्हायचं. खालच्या दारात उशिरा आलेले पुरुष खांद्याला खांदा लावून उभे होते. छपरातल्या काचेच्या नळ्यातून उन्हाची एक तिरीप आमच्या पुढ्यात उतरली होती आणि त्या तिरिपीत पीठ पडत होतं. एकसारखं, दळणातून पडावं तसं.

ते वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर साचत होतं. ते झटकत नव्हते.

दुसरा अंक सुरू झाला. काळी घोंगडी पांघरून यम आला तेव्हा वर एक लहान मूल रडलं आणि त्याला कुणीतरी उठून उभं राहून थोपटू लागलं. तुळईचं टोक भिंतीतून बोटभर पुढे आलं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

"वहिनी," वकीलसाहेब पुढे बघतच म्हणाले, "मी देवीला नाटकाचं विचारलंच नव्हतं."

"मग?"

"माळा पडणार का, असं विचारलं होतं."

मला आधी कळेचना. मग ढोल आठवले, आणि ती पाकळी.

"असं का विचारलंत?"

"गंमत म्हणून." ते अजून पुढेच बघत होते. "ठरवूनच वाकलो होतो. उजवी गळली तरी मनात हसायचं, डावी गळली तरी हसायचं. लोकांना काय, उजवी पडली की ते नाटकाला होकारच समजणार. डावी पडली असती तर उद्या पुन्हा लावू म्हटलं असतं. पण ती अशी पडली... माझा प्रश्न पुरा झाला न झाला तोच. मला हसूच येईना."

"तेव्हाच बोलायचं होतंत."

"काय बोलू? ढोल वाजायला लागले होते. अख्खा जन्म ज्याला थोतांड म्हटलं, त्या पाकळीला घाबरलो म्हणून सांगू? तीन रात्री स्वतःला समजावतोय, पाकळी ओली होती, जड होती, गळली. झालं."

डोक्यावर माळा होता, तरी कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं. देवीनं हो म्हटलंच नव्हतं. तिनं आम्हाला सावध केलं होतं, आणि ते सावध करणं हा माणूस मुठीत घेऊन हिंडत होता.

"उठा," मी म्हटलं. "उठून सांगा."

"नाटक मोडेल."

"मोडू दे."

"मान जाईल, वहिनी. कायमचा."

"तुमच्या कोटाकडे बघा. पाकळीला नका घाबरू. याला तरी घाबरा."

त्यांनी कोटाकडे बघितलं. हात वर केला आणि तसाच मांडीवर ठेवला. त्यांना उठवेना. कोर्ट गाजवणारा माणूस, पण जिभेला कुणी खिळा ठोकला होता.

समोर सावित्री यमाच्या वाटेत गुडघे टेकत होती. चंदा नावाची नाभिकांची पोर, गळा असा की ऐकणाऱ्यानं डोळे मिटावेत. मास्तरांनी ऑर्गनवर सूर धरला. हे पद मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. हे पद संपलं की माळ्यावरच्या बायका फळ्या बडवतात. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या. सगळ्याजणी, एकदम, दोन्ही तळव्यांनी.

मी उठले.

हाक मारून उपयोग नव्हता. ऑर्गन, तबला आणि चंदाचा गळा, यांच्यावर माझा आवाज कुठे चढणार? म्हणून मी लोकांच्या पायांवर पाय देत पुढे गेले आणि मास्तरांच्या ऑर्गनवर दोन्ही हात आडवे टाकले. सगळ्या पट्ट्या एकदम किंचाळल्या आणि मग गप्प झाल्या. मास्तरांनी भात्याच्या पायट्यांवरून पाय काढले. तबला थांबला. चंदा अर्ध्या ओळीत थांबली. नाट्यगृहात असं गप्प झालं की बाहेर कुणीतरी टोप घासतंय ते ऐकू यायला लागलं.

"वहिनी!" मास्तर कुजबुजले. "हे काय केलंत?"

मी माळ्याकडे तोंड केलं. त्या शांततेत माझा आवाज पुरला.

"बायांनो, खाली या. माळा खचतोय."

कुणी हललं नाही. मग वरून एकीनं विचारलं, "पण कौल?"

"कौल काय झालो? देवी खोटा बोलली?" दुसरी म्हणाली. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "खाली बसवा रे त्या बाईक!" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. मी सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

तेव्हा माळ्याखाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वकीलसाहेब उभे राहिले होते. पिठानं माखलेले.

"देवी खोटं बोलली नाही," ते म्हणाले, आणि तो सगळा आवाज परत आलेला होता. "मी खोटं वागलो. मी देवीला विचारलं होतं, माळा पडणार का? तिनं हो म्हटलं. ते तुमच्यापासून लपवलं. आता खाली उतरा."

मग वरून एका म्हातारीचा आवाज, अगदी स्पष्ट: "मेल्या वकिला!"

आणि सगळ्या एकदम उठल्या.

"उठू नका!" मी म्हटलं, पण आता कोण ऐकतंय. मास्तरांनी मात्र ऐकलं. त्यांनी पायटे दाबले आणि देवीची आरती धरली, ओटी भरताना लावतात त्या संथ चालीत. चंदानं पाठीमागून आवाज दिला. आपापल्या पाळीची वाट बघायची सवय त्या चालीत होती. बायका बसल्या, आणि मग भिंतीकडच्या आधी, एकेक करून, जिन्याकडे सरकू लागल्या. मी पायथ्याशी जाऊन उभी राहिले. प्रत्येकीचा हात धरून दारातून बाहेर अंगणात. कुणी रडत होती, कुणी वकिलाच्या सात पिढ्या उद्धरत होती, आणि मध्येच आरतीची ओळही म्हणत होती. दारातले पुरुष सदूभाऊंनी बाहेर काढले. कधी परत आले होते कोण जाणे, पण आता दोन्ही हातांनी माणसं लोटत होते.

वकीलसाहेब खुर्चीपाशीच उभे होते, मान वर करून. जणू नजरेनं तो माळा धरून ठेवला होता.

रेवती आली. ती सासऱ्याच्या अंगावरून गेली, पण तिकडे बघितलं नाही.

शेवटी दोघी म्हाताऱ्या बहिणी उरल्या. धाकटी पुन्हा मागे वळली.

"माझी चटई!"

"ऱ्हवांदे गो ती चटई!"

"नवी हा!"

वकीलसाहेब जिना चढले, तिला कमरेला धरून पोत्यासारखी उचलली आणि खाली आणली. तिचे पाय जमिनीला लागले आणि तुळईचं टोक भिंतीतून बाहेर आलं. फार आवाज झाला नाही. माळ्याची एक बाजू सावकाश खाली झुकली, आमच्या दोन खुर्च्यांच्या पाठींवर क्षणभर टेकली, आणि मग खुर्च्या गेल्या. चटया घसरत घसरत खाली आल्या. पिठाचा लोट उठला. त्या उन्हाच्या तिरिपीत काही दिसेना.

कुणाला ओरखडाही आला नाही.

अंगणात बायका भेंडीच्या मोठ्या झाडाच्या सावलीत बसल्या होत्या. आता त्या बोलायला लागल्या होत्या, आणि बोलता बोलता बदलत होत्या. "काय झाला तरी सांगितल्यान मां त्येनी." "माका उचलून हाडल्यान, पोटच्या पोरासारख्या," चटईवाली म्हातारी सगळ्यांना सांगत होती. कुणी वकीलसाहेबांच्या पाया पडलं. ते मागे सरकले.

रेवती विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसली होती. मी तिला वारा घालत होते. वकीलसाहेब तांब्या भरून घेऊन आले.

"पाणी घे, पोरी."

तिनं तांब्याकडे बघितलं नाही.

"बाबा, सकाळी मी नको म्हणत होते ना?"

त्यांनी तांब्या आणखी पुढे केला.

"पाय सुजलेत, आज घरीच पडून राहते म्हटलं. तुम्ही काय म्हणालात?"

ती माझ्याकडे वळली. "काकू, हे म्हणाले, अध्यक्षाची सून माळ्यावर दिसली नाही तर लोकांना शंका येईल. पुढच्या रांगेत बस म्हणाले. सगळ्यांना दिसशील अशी."

माझ्या हातातला पदर थांबला. भेंडीखाली बायका अजून त्यांची वाहवा करत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं," रेवती म्हणाली. त्यात राग नव्हता. वाचून दाखवावं तसं म्हणाली. मग माझा हात धरून उठली. सदूभाऊंचा टेम्पो प्रसादाची भांडी न्यायला उभा होता. त्यांना म्हणाली, "भाऊ, मला आईकडे सोडा." सदूभाऊंनी एकदा वकीलसाहेबांकडे बघितलं. मग पुढचं दार उघडून, सीट रुमालानं पुसून दिली.

वकीलसाहेब तांब्या हातात धरून उभे राहिले. टेम्पो वळणाआड गेला तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही. मी घेतला त्यांच्या हातातून.

मान त्या वर्षी नदीपलीकडे गेला तो पुन्हा आला नाही. पण न्यास राहिला. पुढे सिमेंटचं सभागृह झालं, गाण्याचे वर्ग चालतात, वर्षाकाठी एक नाटकही होतं, देवीपुढे नसलं तरी. आज इतक्या वर्षांनी गावात कुणालाही विचारा, वालावलकर वकिलांनी भरल्या माळ्यातल्या बायका वाचवल्या, हेच सांगतील. ते उठून बोलले नसते तर एकही बाई उतरली नसती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सभागृहात दारासमोर त्यांचा मोठा फोटो आहे. नाटकाच्या दिवशी त्याला हार घालायला सगळ्यांत जुनी विश्वस्त म्हणून मलाच पुढे करतात. मी घालते.

रेवती त्या घरी परत गेली नाही. मुलगी झाली. नवरा बोटीवरून आला की तिच्या माहेरीच उतरायचा. मुलीचा गळा फार चांगला आहे म्हणतात, कुठे कुठे कार्यक्रम करते. परवाच्या बैठकीत एक तरुण विश्वस्त म्हणाला, यंदा तिलाच सावित्री द्यावी. वकिलांची नात, त्यांच्याच सभागृहात. लोक डोक्यावर घेतील. सगळ्यांना पटलं. फोन मी करावा असं ठरलं.

रेवतीनं सगळं ऐकून घेतलं. माझी तब्येत विचारली, उपास अजून करता का विचारलं. मग म्हणाली, "काकू, बाबांचा फोटो कुठे लावलाय?"

"दारासमोर," मी म्हटलं.

"आत येताना दिसतो?"

"दिसतो."

तिच्या मागे कुठेतरी तंबोरा लागत होता, आणि एक मुलगी एकच स्वर पुन्हा पुन्हा घोटत होती.

"मग नको, काकू," ती म्हणाली. "ती त्या फोटोला हात जोडेल. तिला मी काही सांगितलेलं नाही."